हापूसच्या पेटीतलं पार्लर

शुक्रवार, २ डिसेंबर २००५

रोझमेरी म्हणाली, "काकी, रोज लिहून ठेवत जा. काकांनी मूठ उघडली का, चेंडू दाबला का." रोझमेरी म्हणजे ह्यांच्या हाताला व्यायाम द्यायला येणारी मुलगी. म्हणून बँकेची ही डायरी काढली. एप्रिलपासून कोरीच पडली आहे. तारखा खोडून वापरेन.

तर आजची नोंद. मूठ उघडली नाही. चेंडू दाबला नाही. चेंडू सोफ्याखाली गेला, तो मी वाकून काढला. व्यायाम माझा झाला.

एप्रिलमध्ये ह्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय पुष्कळ सुधारला, घरातल्या घरात चालतात. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. आणि बोलण्यात एकच शब्द उरलाय, 'बरं'. चहा हवा का? बरं. नको का? बरं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझं एवढं सगळं ह्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, वर्षभरात जे परत येईल ते आपलं. नंतरचं सांगता येत नाही.

रविवार, ४ डिसेंबर

वटारहून मोठे भावोजी आले होते. केळ्यांचा फणा आणि अळूची पानं घेऊन. दोघं भाऊ समोरासमोर बसले. भावोजी घरच्या बोलीत बोलत होते, ती मला अजून निम्मीच कळते, आणि हे 'बरं' म्हणत होते. मग भावोजी माझ्याशी बोलायचं म्हणून सरळ मराठीवर आले.

"संपदा, तू एकटी किती करशील? सकाळी प्रेस, दुपारी हे कॉम्प्युटरचं. मधे चंदूला कुलूप लावून ठेवतेस. वाडीत आम्ही माणसं आहोत, तुझी जाऊ द्वारका आहे. संक्रांत झाली की त्याला घेऊन जातो. तिकडेच राहू दे आता."

मी अळूची पानं निवडायला घेतली.

"काय रे चंदू, येशील ना?"

"बरं," हे म्हणाले.

"बघ, तो तयार आहे."

इथे खोटं लिहून काय उपयोग? क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की रडू येईल असं वाटलं. सलग झोपायचं. न दचकता आंघोळ करायची. मग स्वतःची लाज वाटली. मग पोळ्या लाटायला घेतल्या.

संध्याकाळी हे जेवले नाहीत. ताट सरकवून दिलं. वांगं कडू निघालं असेल. मला तर लागलं नाही.

बुधवार, ७ डिसेंबर

हेमालीचा बंगळूरहून फोन. तिला भावोजींचं सांगितलं. लेक एकदम कामालाच लागली. तिच्या वडिलांवर गेली आहे.

म्हणाली, "आई, बाबांनी एवढी वर्षं व्हिडिओ गेमचं पार्लर चालवलं. त्यांना चेंडू कसला देता? गेम द्या."

माणिकपूरला स्टेशनजवळ ह्यांचं पार्लर होतं. पोरं घराघरात टीव्हीवर आणि सायबर कॅफेत खेळायला लागली, तसं चार वर्षांपूर्वी बंद केलं. मशीनं कुणी कुणी उचलून नेली. मी कधी आत गेले नाही. घरातल्या बायकांनी तिथे यायचं नाही असा ह्यांचा दंडक. हेमालीलाही नाही. मी डबा दारातूनच द्यायचे. आतून ढिश्यांव ढिश्यांव आणि पोरांचा कालवा.

हेमालीचं म्हणणं असं. एम्युलेटर नावाचा प्रोग्राम असतो, तो जुन्या मशीनमधले गेम जसेच्या तसे आपल्या मॅकवर चालवतो. त्याच्यावर एक फ्रंटएंड लावायचा, म्हणजे गेमच्या नावांची आणि चित्रांची यादी. बटण दाबलं की गेम सुरू. "जॉयस्टिक डाव्या हाताला असते, बटणं उजव्या. खेळायचं तर उजवा हात हलवावाच लागेल. बघ तू."

मॅक आहे. प्रेसच्या मालकांनी, सदानंदशेठनी, छापखान्यात सगळीकडे विंडोज आणलं, तेव्हा हा निळ्या पाठीचा मॅक मला देऊन टाकला. लग्नपत्रिका मी घरी त्यावरच करते. त्याची यूपीएसची बॅटरी मेली आहे, लोडशेडिंग झालं की धप्पकन बंद पडतो, पण चालतो.

बघते. संक्रांतीपर्यंत करण्यासारखं दुसरं आहे तरी काय.

रविवार, ११ डिसेंबर

माळ्यावर चढले. जुन्या मशीनच्या दोन जॉयस्टिका सापडल्या, पिशवीभर बटणं, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. उघडला तर आत पितळी टोकनं, पार्लरची. काळपट पडलेली. डबा भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवला.

धूळ नाकात गेली. दिवसभर शिंका.

मंगळवार, १३ डिसेंबर

कपडे भिजवताना ह्यांच्या शर्टाच्या खिशात टोकन सापडलं. परत डब्यात टाकलं. आज पुन्हा खिशात एक. लहान मुलासारखं करायला लागलेत. रोझमेरीला सांगितलं तर हसली. मला हसू आलं नाही.

गेले काही दिवस सारखा खिसा चाचपतात. चष्मा शोधत असतील म्हणून चष्मा हातात दिला, तो बाजूला ठेवून दिला.

भंगारवाला आला नाही. डबा तिथेच आहे.

शनिवार, १७ डिसेंबर

हेमालीने कुरिअरने सीडी पाठवली. फोनवरून सांगत गेली, मी करत गेले. एम्युलेटर उघडला. गेमच्या फाइली दाखवल्या. निम्म्याअधिक गेमना लाल खूण! प्रत्येक गेम म्हणजे एक फाइल नव्हे, डझनभर तुकड्यांचं गाठोडं, आणि एम्युलेटरला हवी ती आवृत्ती नसली की एखादा तुकडा कमी पडतो आणि गेम उघडत नाही. पत्रिकेत फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी चौकोन येतात, तसाच प्रकार. तिथे मी चौकोन बघून ओळखते कुठला फॉन्ट गेला. इथे ओळखणार कशी? कुठल्या तुकड्यात विमान आणि कुठल्यात त्याचा आवाज?

मधेच पीठ चिकटलेल्या हाताने फोन घेतला, फोनही पीठ झाला.

मंगळवार, २० डिसेंबर

चालणारे गेम शेवटी वेगळे काढले. थोडेच आहेत. विमानाचा, मारामारीचा, कुस्तीचा, शिड्या चढायचा. नावं इंग्रजीत आहेत, पण पार्लरमधून घरी आल्यावर हे असंच म्हणायचे, "आज विमानाचा बिघडला."

मग फ्रंटएंड बसवला. सगळं हेमाली सांगेल तसं केलं, तर यादी रिकामीच. एक तास ती तिकडे डोकं खाजवतेय, मी इकडे. शेवटी विचारते, "आई, फोल्डरला नाव काय दिलंस?" म्हटलं, 'ह्यांचे गेम'. माझ्या सगळ्या फोल्डरना मराठीच नावं असतात, 'राऊत मुंज', 'परेरा लग्न'. ती इतकी हसली की मीही हसले. त्या फ्रंटएंडला मराठी वाचता येत नाही, आणि दोन शब्दांमधली मोकळी जागाही चालत नाही. इंग्रजीत एकच शब्द लिहिला. सगळी यादी आली, चित्रांसकट.

मी वळून म्हटलं, "बघा, आली!" हे दरवाज्याकडे बघत होते.

सोमवार, २६ डिसेंबर

काल नाताळ. रोझमेरी आज केक घेऊन आली. ह्यांनी डाव्या हाताने खाल्ला, आवडीने.

माझ्या भावाने देवगडहून पाठवलेल्या हापूसची लाकडी पेटी होती, ती उपडी करून वर जॉयस्टिक आणि बटणं बसवून घेतली. माणिकपूरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने एक जुना कीबोर्ड उघडून बटणांच्या वायरी त्याला डाग मारून जोडल्या. पेटीवर अजून 'देवगड' लिहिलंय. मॅकसमोर ठेवली तर अगदीच वाईट दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मी माझ्या अक्कलहुशारीने केली. ह्या गेममध्ये आधी टोकन टाकायचं, मग सुरूचं बटण. कीबोर्डवर पाच नंबर दाबला की टोकन पडल्यासारखं होतं. ह्यांना एवढी बटणं कशी जमणार? म्हणून एकेका गेमच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन 'फ्री प्ले' करून टाकलं. आता टोकनची कटकट नाही. एक बटण, की गेम.

रविवार, १ जानेवारी २००६

नव्या वर्षाचा पहिला दिवस. खुर्ची मॅकसमोर ठेवली, हात पेटीवर ठेवला, विमानाचा लावला.

ह्यांनी पडद्याकडे एकदा पाहिलं, जसं कुणी आपल्या गल्लीकडे बघतं तसं. मग डाव्या हाताने खुर्ची रेटत रेटत फिरवली आणि मॅककडे पाठ करून दरवाज्याकडे तोंड करून बसले. मी खुर्ची परत फिरवली. त्यांनी परत. मी परत. तिसऱ्यांदा मी ओरडले. म्हटलं, "मी कुणासाठी करतेय हे सगळं? त्या दारात काय ठेवलंय? कोण यायचंय तुमच्याकडे?"

"बरं," हे म्हणाले.

शेजारच्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे.

नंतर भावोजींना फोन केला. म्हटलं, संक्रांत झाली की या. ते म्हणाले, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी किंक्रांत, करीच्या दिवशी नको. बावीस तारखेच्या रविवारी गाडी घेऊन येतो. मी बरं म्हटलं.

माझ्याने होत नाही आता. एवढंच.

शनिवार, ७ जानेवारी

मॅकवर पाटलांची पत्रिका केली. फ्रंटएंड आपोआप सुरू होतो, तो रोज बंद करावा लागतो. काढूनच टाकणार होते, राहून गेलं. त्याचा आवाज आला की हे खुर्चीत जरा ताठ बसतात. त्रास होत असेल.

द्वारका जाऊबाईंचा फोन, ह्यांना काय पथ्य आहे विचारायला. चांगली बाई आहे. माझ्यापेक्षा नीट करेल.

शनिवार, १४ जानेवारी

आज काय झालं ते नीट लिहिते.

संक्रांत. रोझमेरी संध्याकाळी आली होती, तिला न्यायला तिचा मोठा भाऊ फर्डिनंड आला. तिशीचा, चांगला उंच. दोघांना तिळगूळ दिला. मॅकवर फ्रंटएंड चालूच होता. फर्डिनंड दारातूनच म्हणाला, "अरे! विमानाचा!" आणि मग खुर्चीत बसलेल्या ह्यांना पाहून थबकला. "अंकल? पार्लरवाले अंकल? रोझी, तू बोलली नाहीस!"

रोझमेरी म्हणाली, "मला काय माहीत? तू चर्चमधला संडेचा कॅटेकिझमचा वर्ग बुडवून कुठे जायचास ते घरी सांगायचास का?"

त्याला म्हटलं, खेळ. तो पेटीपाशी बसला. हे नेहमीसारखे पाठ करून, तोंड दाराकडे. फर्डिनंडने बटण दाबलं, गेम सुरू झाला, तर त्याने हातच वर उचलले. "टोकन न टाकता? फुकट? आंटी, अंकलच्या पार्लरमध्ये फुकट कुणी खेळलं नाही कधी."

थोड्या वेळात विमान पडलं. त्याने पडद्यावरची नजर न काढता पेटीवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि मागे हात पसरला. सवयीने. आपण कुठे आहोत हे विसरला होता बहुतेक.

आणि ह्यांनी, मागे वळूनही न बघता, डाव्या हाताने खिशातलं टोकन काढून त्याच्या तळव्यावर ठेवलं.

फर्डिनंडने टोकन बघितलं आणि डोळे पुसले, एवढा मोठा माणूस.

मग तो सांगत बसला. अंकल दाराशी टेबल टाकून बसायचे, मशीनकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. कुणाचे वडील शोधायला येताना दिसले की खाकरायचे, पोरं मागच्या दाराने पसार. कुणी टकटक केलं की न बघता टोकन. "आणि लाईट गेली ना आंटी, की टोकन परत. गेम अर्धा राहिला तर अंकल स्वतः येऊन हातात द्यायचे. पलीकडचा पार्लरवाला नाही द्यायचा. म्हणून आम्ही सगळे अंकलकडेच."

मी विचारलं, "आणि हे स्वतः कुठला खेळायचे?"

"अंकल? अंकल कधीच नाही खेळले."

इतकी वर्षं दारातून डबा देत राहिले आणि मनाशी धरून बसले की आत हे खेळतात. आणि मी ह्यांना रोज उचलून गिऱ्हाइकाच्या जागी बसवत होते. वर फुकट.

मंगळवार, १७ जानेवारी

सगळ्या गेमचं फ्री प्ले काढलं. पडद्यावर आता 'इन्सर्ट कॉइन' लुकलुकतं. पेटीवर एक लाल बटण वाढवून घेतलं, ते पाच नंबरला जोडलं. डब्याच्या झाकणाला फट पाडून तो पेटीशेजारी ठेवला. टकटक करायची, ह्यांच्याकडून टोकन घ्यायचं, डब्यात टाकायचं, लाल बटण दाबायचं, मग खेळायचं.

ह्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून मीच ठेवली. पुढ्यात स्टूल, त्यावर टोकनांचा ढीग. बिल्डिंगमधल्या पोरांना कशी बातमी लागते देव जाणे. शाळा सुटल्यावर दाराशी ही गर्दी. हे टोकन देत होते, डाव्या हाताने, चेहरा दुकानदारासारखा करडा. एका पोराने दोनदा मागितलं तर भुवया वर केल्या, पोर गप्प.

रोझमेरी आली, बघून खूष झाली, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकी, सगळं डाव्यानेच करतात. उजवा तसाच आहे."

ते मलाही दिसत होतं. करमणूक झाली, एवढंच. हात नाही, बोलणं नाही. रविवार रविवारच राहिला. भावोजींना काय सांगू, ह्यांना इथे पोरांना टोकनं वाटायला ठेवते म्हणून?

गुरुवार, १९ जानेवारी

प्रेसमध्ये काम. घरी काम. पोरं, पोरं, पोरं. पाय सुजलेत.

शनिवार, २१ जानेवारी

दुपारी ह्यांची बॅग भरली. औषधं, धोतरं नेसत नाहीत पण जाऊबाई म्हणाल्या म्हणून एक, पायजमे, निळा स्वेटर. भरताना हे बघत होते. मी अजून सांगितलंच नव्हतं. आजवर सगळं त्यांच्यासमोरच बोललो, भावोजी आणि मी, पण त्यांना असं कुणी सांगितलं नाही.

पोरांना आज पिटाळलं. घर शांत झालं तर मलाच करमेना. पेटीसमोर जाऊन बसले. एवढे दिवस ह्या मॅकशी झटले आणि एकदाही खेळले नव्हते. ह्यांच्याकडे पाठ होती, ते बरंच होतं. पेटीवर टकटक केलं. मागे हात पसरला. टोकन आलं. डब्यात टाकलं, लाल बटण, सुरू.

विमान लगेच पडलं. पुन्हा टकटक. पुन्हा पडलं. बाहेर अंधारत होतं, दिवा लावला. स्टुलावरची टोकनं संपली म्हणून डबाच उघडून त्यांच्या मांडीवर दिला, खेळलेलं टोकन मी पेटीवर ठेवत गेले. चौथ्या-पाचव्यांदा मला जमायला लागलं. विमान डावीकडे, उजवीकडे, गोळ्या चुकवत. आणि मान न वळवता मी म्हटलं,

"उद्या भावोजी येणार आहेत. तुम्हाला वाडीत न्यायला. मीच बोलावलंय. मी दमले हो. तुम्हाला चालेल ना?"

मी 'बरं' ऐकायला थांबले होते. ऐकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच हे 'बरं' म्हणाले नाहीत. मागे नुसताच श्वास ऐकू येत होता.

आणि लाईट गेली. मॅक धप्पकन बंद. विमान, गोळ्या, सगळं गेलं. घरात काळोख.

मी तशीच बसून राहिले. मेणबत्ती शोधायचाही कंटाळा आला होता. मागे खुर्ची करकरली. हे उठले होते. डब्यातली टोकनं खळखळत होती, म्हणजे डबा डाव्या हाताने छातीशी धरला होता, सांडू नये म्हणून. पाय घासत माझ्याशेजारी आले. माझा हात चाचपडला. पहिल्यांदा मनगटावर काहीतरी आपटलं, जड, आपलं वजन आपल्याला न पेलणारं. मग सरकत सरकत तळव्यापर्यंत आलं. बोटं उघडत नव्हती. कितीतरी वेळ लागला. अंगठा हलला, मग तर्जनी, आणि टोकन माझ्या हातात पडलं. गरम होतं.

माझा गेम अर्धा राहिला होता ना.

मी त्यांचा तो हात धरून ठेवला आणि रडले. ह्यांनी हात काढून घेतला नाही.

आता मेणबत्तीच्या उजेडात लिहितेय. आजची नोंद: मूठ उघडली. एकदा.

भावोजींना आत्ताच फोन करते, गाडी सांगितली असेल तर नको म्हणावं लागेल. रागावतील. दमणं माझं तसंच आहे, ते कुठे गेलेलं नाही. जाऊबाईंना विचारेन, आठवड्यातले दोन दिवस इकडे येऊन राहाल का. आणि बॅग उघडायची आहे, स्वेटर वरच ठेवलाय. ह्यांना गार लागतंय.